मनाचा तास, नऊशे रुपये

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या तरुण प्राध्यापकानं ‘सीएचबीवर आहे’ असं सांगितलं की समोरचा पुढचं काही विचारत नाही. फार तर ‘अजून?’ म्हणतो. मग दोघंही यंदाच्या पावसावर येतात.

सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, सरकारी मराठीत ‘तासिका तत्त्व’. जितके तास शिकवाल तितके पैसे. माणूस एम. ए. असतो, नेट किंवा सेट झालेला असतो, पुष्कळदा नावामागे डॉक्टरही लागलेलं असतं. वर्गात मुलं त्याला ‘सर’ म्हणतात, गावात लोक ‘प्राध्यापक’ म्हणतात. सासुरवाडीला मात्र तो परमनंट झाला की नाही एवढंच कळून घ्यायचं असतं. दरवर्षी पेपरात जाहिरात येते. दरवर्षी तो मूळ कागदपत्रांची तीच फाइल काखेत मारून मुलाखतीला जातो आणि या नेमणुकीवरून कायमपदाचा हक्क सांगणार नाही, असं लिहून देतो. उन्हाळा लागला की नेमणूक संपते. जूनमध्ये पुन्हा जाहिरातीची वाट.

ही गोष्ट मराठीवाल्याची तशीच इतिहासवाल्याचीही आहे. मी मुद्दाम मानसशास्त्र शिकवणाऱ्यांकडे बघतो आहे, आणि त्यातही बोधन, म्हणजे लक्ष, स्मृती, विचार, भाषा शिकवणाऱ्यांकडे. माणसाचं मन कसं शिकतं, कसं विसरतं, ताणाखाली कुठं अडखळतं, हे त्यांनी मुलांना शिकवायचं असतं. आणि ज्या व्यवस्थेत ते शिकवतात, तिनं त्यांच्या पुस्तकातलं एकही पान वाचलेलं दिसत नाही.

बोधनिक विज्ञान हे नाव आपल्याकडं अजून नवंच आहे. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणक, मेंदूविज्ञान आणि तत्त्वज्ञान यांच्या सीमेवरचा हा विषय. १९५६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत एमआयटीमध्ये झालेल्या एका परिसंवादाला त्याचा जन्म मानतात. त्याच वर्षी जॉर्ज मिलरचा ‘सात, दोन कमी-जास्त’ हा प्रसिद्ध लेख आला. भारतात या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत, पण त्यासाठी अलाहाबाद, हैदराबाद, कानपूर किंवा गांधीनगर गाठावं लागतं. यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतो. इथं हा विषय बी. ए.च्या मानसशास्त्रातल्या एखाद्या पेपरातून, बी. एड.च्या अध्ययनाच्या मानसशास्त्रातून किंवा समाजकार्य महाविद्यालयातल्या एखाद्या प्रकरणातून मुलांपर्यंत पोचतो. म्हणजे पाटी वेगळी असली तरी माल तोच. तो पोचवणारा अनेक ठिकाणी तासावरचा असतो.

वर्गात काय चालतं ते एका प्रात्यक्षिकावरून सांगतो. स्ट्रूप नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३५ मध्ये मांडलेला हा प्रयोग. तीन कार्डं. पहिल्यावर काळ्या शाईत लाल, निळा, हिरवा, पिवळा असे शब्द छापलेले. दुसऱ्यावर नुसते रंगांचे ठिपके. तिसऱ्यावर गंमत असते : ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, ‘हिरवा’ पिवळ्या शाईत. प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्यानं, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. प्रयोगकर्ता मोबाइलवरचं स्टॉपवॉच धरून बसतो. पहिली दोन कार्डं धडाधड होतात. तिसऱ्यावर गाडी अडते. मुलगी ‘ला…’ म्हणते, जीभ चावते, ‘निळा’ म्हणते. बाकीची हसतात. आता आपली पाळी येणार म्हणून हसणारा एक जण मनातल्या मनात सराव करू लागतो, आणि तोही तिसऱ्या ओळीत फसतो. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवायला जोर लावावा लागतो आणि वेळ जातो. हा जास्तीचा वेळ जर्नलमध्ये सेकंदांत लिहायचा. त्याचं नाव बाधा.

हा प्रयोग पुण्यामुंबईच्या वर्गात होतो तसाच इथंही होतो. पण इथं त्यात एक जादा धागा आहे. वर्गातल्या एकाची घरची बोली गोरमाटी असते. केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडून आलेल्या एखादीच्या घरी कोलामी बोलतात, कुणाकडे गोंडी, आणि बाकीच्यांच्या तोंडात वऱ्हाडी. वाचायला मात्र सगळे शाळेत शिकले ते पुस्तकी मराठी. बाधा होते ती वाचनाच्या सवयीमुळं. मग ज्या भाषेत आई हाक मारते तिच्यातला रंगाचा शब्द देवनागरीत छापला तर अडखळणं वाढेल की कमी होईल? दोन-तीन भाषा रोज हाताळणाऱ्या मेंदूला शब्द बाजूला सारणं सोपं जातं का? द्विभाषिकांच्या बोधनावर जगभर याच प्रश्नांवरून वाद चालले आहेत, आणि त्यांची उत्तरं शोधायला लागणारी माणसं यवतमाळच्या एकाच बाकावर बसलेली आहेत. एखाद्या विद्यापीठाला अशा वर्गाचा हेवा वाटायला हवा.

शोध घ्यायचा कुणी? तासावरच्या माणसाला पीएच.डी.चा मार्गदर्शक होता येत नाही. नियमानं तो कायम शिक्षकच लागतो. पुढल्या वर्षी आपण याच महाविद्यालयात असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्यानं तीन वर्षांचा प्रकल्प कुणाच्या भरवशावर मांडायचा? प्रयोगाची कार्डंसुद्धा रंगीत लागतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर हा प्रयोग होत नाही, आणि रंगीत प्रिंटचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं हा प्रश्न अनेकदा सरांच्या खिशापाशी येऊन सुटतो.

आता पैशाचं. २०२२ मध्ये राज्य सरकारनं पदवीच्या तासाचा दर ६२५ वरून ९०० रुपये केला. एका पूर्णवेळ जागेच्या कामाचे साधारण दोन तुकडे करून एकेका माणसाला आठवड्याचे नऊ तास द्यायचे, अशी रीत आहे. नऊ तासांचे ८,१०० रुपये, चार आठवड्यांचे ३२,४००. ऐकायला वाईट नाही. पण हा आकडा सगळे तास झाले तरच. कॉलेजला सुट्टी असली तर तास नाही, परीक्षा असली तर नाही, गॅदरिंग, निवडणूक, सणवार असला तरी नाही. दिवाळीच्या दिवसांत तर तासिकेवाल्याचं मीटर बंदच असतं. शिवाय घड्याळाचा तास साठ मिनिटांचा, वर्गातली तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची. म्हणजे एक तास भरायला सव्वा तासिका घ्यावी लागते, ही तक्रार जुनीच आहे. दर महिन्याचं बिल तारीखवार भरायचं, प्राचार्यांची सही घ्यायची. पुढं ते उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडं जातं आणि पैसे येतात तेव्हा येतात. कधी तीन-चार महिन्यांचे एकदम.

त्याच वर्गात, त्याच फळ्यावर, तोच पेपर शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये पाहुण्या अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५० हजार द्यावेत असं सुचवलं होतं. महाराष्ट्र त्याच्यापेक्षा तासाला सहाशे रुपये मागं आहे.

तासाच्या दरात तयारी धरलेली नसते. बोधनाच्या एका तासामागं काय असतं? इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण वाचायचं, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ते सोपं करायचं, पारिभाषिक शब्दकोशात नसलेले शब्द जुळवायचे, प्रयोगाचं साहित्य लावायचं, बारा-पंधरा जर्नल तपासायची. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असली की फाइली लावायलाही तोच असतो, कारण कॉम्प्युटर त्याला चांगला येतो. नव्या शैक्षणिक धोरणानं २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही मेजर, मायनर, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली अशी नवी खाती आली. कुठला पेपर कुणाच्या वर्कलोडमध्ये पडेल हे दर सत्राला नव्यानं ठरतं. कागदावर दोन तास कमी झाले की कुणाच्या तरी घरातले महिन्याला सात हजार कमी होतात.

यात एक ऐतिहासिक योगायोग आहे, आणि तो मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात लपलेला आहे. स्मृतीचा प्रायोगिक अभ्यास ज्यानं सुरू केला तो हर्मन एबिंगहाउस हा स्वतःच तासिकेवाला होता. १८८० मध्ये तो बर्लिन विद्यापीठात ‘प्रिव्हाटडोसेंट’ झाला. या पदाला पगार नसायचा. जी मुलं व्याख्यानाला नाव नोंदवतील त्यांची फी, एवढीच मिळकत. प्रयोगशाळा नाही, प्रयुक्त नाहीत. म्हणून त्यानं स्वतःलाच प्रयुक्त केलं. सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले आणि वर्षानुवर्षं एकट्यानं ते पाठ केले, विसरले, पुन्हा पाठ केले. १८८५ मध्ये त्याचं स्मृतीवरचं पुस्तक आलं. दुसऱ्या वर्षी त्याला बढती मिळाली.

आपल्याकडं हे उदाहरण कुणी प्रेरणा म्हणून वापरू नये. एबिंगहाउसला बर्लिनचं ग्रंथालय होतं, आणि पुस्तकाची कदर वर्षभरात झाली. पण त्याच्या निष्कर्षांतला एक इथं उपयोगी आहे. त्याला असं दिसलं की एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधतं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यानं साधतं. अंतर ठेवून शिकलेलं टिकतं, एका दमात कोंबलेलं सांडतं. गेल्या एकशेचाळीसेक वर्षांत मानसशास्त्रातले कितीतरी निष्कर्ष उलटेपालटे झाले, पण हा बहुतेक प्रत्येक तपासणीत तगून राहिला.

आता महाविद्यालयाचं वेळापत्रक बघा. सत्र जून-जुलैमध्ये सुरू होतं. तासिकेवाल्यांच्या जागांना मंजुरी, जाहिरात, मुलाखत, मान्यता हे सगळं होईतो कित्येक ठिकाणी ऑगस्ट उलटतो, कुठं सप्टेंबरही. परीक्षा तर नोव्हेंबरात टेकलेली. चार महिन्यांचा अभ्यासक्रम दोन महिन्यांत. त्यातच सोयाबीन काढणीला येतं, आणि वर्गातली निम्मी मुलं शेतात असतात; पाठोपाठ सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागते. म्हणजे विभागून शिकण्याचे फायदे शिकवणारं प्रकरण एका आठवड्यात कोंबून शिकवायचं. एबिंगहाउसचा विस्मरणाचा आलेख फळ्यावर काढून झाला की तो शिकवणाऱ्याच्याच वर्गात खरा होतो : त्याच्या मोजणीत एका दिवसानंतर वाचलेली बचत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती, महिन्यानंतर पाचव्या हिश्श्याच्या.

या विषयाचा दुसरा एक निष्कर्ष थेट शेताच्या बांधावर जातो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची त्यांनी ऊस कापणीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा बोधनिक चाचणी घेतली. आधी हातात पैसा नव्हता, नंतर आला होता. माणूस तोच, गाव तेच. पैसा नसताना गुण कमी आले, पैसा आल्यावर वाढले. चाचण्यांत स्ट्रूपचाच एक भाऊबंद होता, फक्त अक्षरओळख कमी असलेल्यांसाठी शब्दांऐवजी आकड्यांचा : ‘५ ५ ५’ असं दिसलं तर ‘पाच’ म्हणायचं नाही, ‘तीन’ म्हणायचं. मांडणी अशी की टंचाई माणसाला मंद करत नाही. टंचाईची काळजी मनाची जागा अडवते आणि उरलेल्या जागेत बाकीचं सगळं करावं लागतं.

या अभ्यासावर पुढं टीकाही झाली. आकडेवारी कशी वाचली, सरावानं गुण वाढले का, परिणाम किती मोठा, यावर संशोधकांचं एकमत नाही. ते नसू दे. परिणाम लहान असला तरी दिशा कळते, आणि कापूसपट्ट्यातल्या माणसाला ती सांगायला प्रयोगही लागत नाही. मला यातली दुसरीच बाजू लक्षणीय वाटते. हा अभ्यास वर्गात समजावून सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं उत्पन्न शेतकऱ्यासारखंच आहे. हंगामी, उशिरा येणारं, दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून. फरक एवढाच की ऊस कधी तोडला जाईल याचा थोडाफार अंदाज असतो. ज्याला जूनमध्ये काम आहे की नाही हे कळत नाही, तो मार्चपासूनच दुसरं काही बघू लागतो. कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर शिकवतो, कुणी विम्याचं काम करतो, कुणी वडिलांच्या चार एकरांत उतरतो. विषयातलं नवं वाचायला मन मोकळं लागतं, आणि मोकळ्या मनाचा दर कुठल्याच शासन निर्णयात नाही.

मोजण्याच्या या पद्धतीतला सगळ्यात विनोदी भाग, विनोदी म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आहे. आधीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा पुढच्या बढतीसाठी धरायची तर त्या काळात त्या माणसाला कायम सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी मोबदला मिळालेला नसावा, अशी तिच्यात एक अट आहे. तासावरच्याला कमीच मिळतो. तसा तो मिळावा अशीच रचना आहे. म्हणजे तुम्हाला कमी दिलं, आणि कमी दिलं म्हणून तुमची वर्षं मोजणार नाही. दहा वर्षं शिकवून उद्या कुणी कायम झालाच, तर पहिल्या दिवशी तो नवखा.

आणि कायम होणार कधी? राज्यात २०१७ मध्ये पदभरतीला लगाम बसला. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला परवानगी मिळाली. त्यातल्या काही भरल्या आणि कोरोना आला. राहिलेल्या २,०८८ जागांना २०२१ मध्ये पुन्हा हिरवा कंदील मिळाला. हे आकडे साऱ्या राज्याचे. विषयवार, आरक्षणाच्या बिंदुनामावलीप्रमाणं, संस्थेप्रमाणं त्यांचे तुकडे पडतात, आणि मानसशास्त्राच्या वाट्याला किती येणार ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. जागा निघाली तरी पात्रतेपलीकडं काय लागतं, हे विदर्भात शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याला ‘देणगी’ म्हणायची पद्धत आहे.

कुणी म्हणेल, यवतमाळसारख्या जिल्ह्यात मानसशास्त्राचं एवढं काय घेऊन बसलात. उलट, घेऊन बसायचं तर इथंच. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाची १९ मार्च १९८६ ची आत्महत्या महाराष्ट्रानं पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून लक्षात ठेवली. त्या दिवशी दरवर्षी अन्नत्याग होतो. २०१५ मध्ये सरकारनं बळीराजा चेतना अभियान सुरू केलं ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. त्याच सुमारास आलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा ताईंनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणं ओळखायची, आणि गरज असेल त्याला पुढं पाठवायचं, अशी योजना होती. पुढं कुणाकडं? तिथं समुपदेशक लागतो, मानसशास्त्र शिकलेला आणि इथली बोली समजणारा. ‘जीव लागत नाही’ आणि ‘जीव नकोसा झाला’ यांतलं अंतर ज्याला कळतं असा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, ती चांगली सोय आहे, गरज पडली तर वापरावी. पण तो फोन उचलणारी माणसंही कुठल्यातरी वर्गात घडतात. अशा वर्गात शिकवणाऱ्याची नेमणूक सप्टेंबरात होते आणि उन्हाळ्यात संपते.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात निकाल दिला. न्या. नरसिंह आणि न्या. बागची यांच्या खंडपीठानं सरकारी अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांत महिना ३० हजारांवर शिकवणाऱ्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन द्यायला सांगितलं. नुसतं गुरुर्ब्रह्मा म्हणत राहून भागत नाही, गुरूला वागवण्यातही ते दिसलं पाहिजे, असा त्यातल्या निरीक्षणाचा आशय होता. महाराष्ट्रातल्या तासिकेवाल्यांना हा निकाल आपोआप लागू होत नाही. गुजरातवाले कंत्राटी होते, निदान महिन्यावर होते; हे तासावर आहेत. पण समान काम तर दोन्हीकडे आहे, आणि राज्य सरकारनं कोर्टाची वाट बघण्याचं कारण नाही. वर्षभराची नेमणूक सत्र सुरू होण्याआधी, दरमहा ठरावीक वेतन, आणि शिकवलेल्या वर्षांची नोंद, एवढ्या तीन गोष्टींना नवी इमारत लागत नाही की नवा आयोग.

तोवर तुमच्याआमच्या हातात एक साधी गोष्ट आहे. पुढच्या जूनमध्ये मुलाला किंवा मुलीला घेऊन प्रवेशाला जाल तेव्हा वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या जोडीला प्राचार्यांना एवढं विचारा : या विषयाला पूर्णवेळ माणूस आहे का, आणि नसेल तर तासिकेवाल्या सरांना, मॅडमना गेल्या वर्षी कोणत्या तारखेला नेमलं? ती तारीख लिहून घ्या, आणि तुमच्या आमदाराला दाखवा.